अळवावरचे पाणी आणि थॉमस यंग

अळवावरचे पाणी हे क्षणभंगुरतेचे प्रतीक म्हणून मी वर्गात तीस वर्षे समजावून दिले. ते पाणी तेथे ठरत का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. निवृत्तीनंतर, पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने थॉमस यंगचा १८०५ सालचा द्रवांविषयीचा निबंध हाती ठेवला आणि मी ओशाळलो. यंग मला ठाऊक होता तो भाषेच्या अंगाने. मराठीचे कुळ सांगताना मी ‘इंडो-युरोपीय’ म्हणत असे. ही संज्ञा १८१३ साली त्यानेच प्रथम वापरली. त्याच पुरुषाने थेंबाचा नियमही सांगून ठेवला होता : घन आणि द्रव यांच्या प्रत्येक जोडीचा स्पर्शकोन ठरलेला असतो. सूत्र नाही, सारे शब्दांत!

पण हा नियम थेंबाचा. घन स्फटिकही आधाराला ‘भिजवतो’, असे शास्त्रज्ञ म्हणतात. हा प्रयोग मला प्रथम खटकला. घन वस्तू भिजवणार कशी? उत्तर असे की, चिकटण्याची ओढ दोहोंत सारखीच. मात्र स्फटिकाला पैलू असतात आणि प्रत्येक पैलूची पृष्ठऊर्जा निराळी. पैलूचे केंद्रापासूनचे अंतर त्या ऊर्जेच्या प्रमाणात असते, हे वुल्फने १९०१ साली मांडले. आधारावर टेकलेल्या स्फटिकाचा विचार सोफियाच्या काइशेव्हने १९५० साली व पुढे विंटरबॉटमने १९६७ साली केला. खडीसाखरेचा खडा खालून कापून पाटावर ठेवावा, तशी ती आकृती. ओढ जितकी अधिक, तितका काप वर.

आधार खडबडीत असला तर? वेन्झेलने १९३६ साली दाखविले की, खडबडीतपणामुळे खरे क्षेत्रफळ वाढते आणि भिजणारे अधिक भिजते, न भिजणारे अधिक दूर सारते. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली दुसरी शक्यता सांगितली : थेंब टोकांवरच विसावतो, खाली हवा राहते. अळवाचे पान ते हेच. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; तेवढ्या मापाच्या उंचवट्यांवर स्फटिक टोकांवर तोलून राहतो की फटींत उतरतो, हा आजचा प्रश्न. थेंब वाहत जातो. स्फटिकाचे अणू तापल्यावर एकेक करून सरकतात, आणि फटीच्या भिंतीशी पैलूंचे जुळावे लागते.

मोटारीच्या धुराड्यातील प्लॅटिनमचे कण उष्णतेने असेच सरकून एकत्र होतात. पृष्ठ घटते आणि विषारी वायूंचे शुद्धीकरण मंदावते. कण आपल्या जागी कसा बसला आहे, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते.