चाळिशी आणि दुहेरी भिंग

मराठींत चष्म्याला 'चाळिशी' असें एक जुनें नांव आहे. 'चष्मा' हा शब्द फारशींतील डोळ्याच्या शब्दावरून आला. नांदेडच्या जुन्या पेठेंत उर्दू बोलणाऱ्या मंडळींच्या तोंडीं 'ऐनक' हा शब्द असतो. पंडितांनीं 'उपनेत्र' हा शब्द योजिला. या तिन्ही नांवांत डोळा आहे. 'चाळिशी'त मात्र आहे तें वय. ज्या कोणीं हें नांव प्रथम उच्चारलें, त्यानें वस्तूपेक्षां तिच्या गरजेकडे अधिक पाहिलें असलें पाहिजे. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास पोथी हातभर दूर धरावी लागते, आणि पुढें पुढें हातच अपुरा पडूं लागतो.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्याचें कारण लहानसें आहे. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं दुहेरी भिंगाचा चष्मा घेतला, आणि तिसऱ्याच दिवशीं नांदेडास गोदावरीच्या नगीना घाटावर उतरतांना पायरी चुकून खालीं बसलों. लागलें फारसें नाहीं. परंतु नऊ वर्षांच्या नातवानें हात धरून उठवावें, याची लाज मात्र बरीच वाटली. चष्मा घेतांना दुकानदारानें एवढेंच सांगितलें होतें, "होईल सवय." ही सवय म्हणजे काय, आणि ती कोणी कोणास शिकवावयाची, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत राहिला.

डोळ्यांतील भिंग तारुण्यांत लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना चपटें होतें. वयोमानानें हा लवचिकपणा जातो आणि जवळची अक्षरें पुसट होतात. उट्रेख्टचे डॉक्टर डोंडर्स यांनीं १८६४ सालच्या आपल्या ग्रंथांत या फरकाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. हा रोग नव्हे. केस पिकतात, तसें भिंग ताठरतें. राजा असो वा रंक, यांतून कोणी सुटत नाहीं.

यावरील उपाय मात्र सर्वांस एकाच वेळीं लाभला नाहीं. चष्मा निघाला तो इटलींत, पिसा नगराच्या परिसरांत, तेराव्या शतकाच्या अखेरीस. ही कला निघून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत, असें जॉर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें १३०६ सालच्या आपल्या प्रवचनांत सांगितलें. आपल्या देशांतील चष्म्याच्या इतिहासाचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनीं चिकाटीनें घेतला. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासराय चष्म्याच्या साहाय्यानें पोथी वाचीत, हा सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथांतील उल्लेख त्यांनीं पुढें आणिला. तो काळ १५२० च्या सुमाराचा. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें १५१० सालीं. तेव्हां ही वस्तु समुद्रमार्गानें आली असावी, हें अनुमान सहज सुचतें.

आचार्यांच्या आसनापासून शिंप्याच्या ओट्यापर्यंतचा तिचा प्रवास मात्र फार लांबला. आमचा मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. आगगाडी नांदेडास आली १९०० च्या सुमारास. लातुरास बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी पोंचली १९११ सालीं. आणि बारीक नजरेचें काम तर येथें पदोपदीं होतें. त्या काळच्या नांदेडांत कचेरीचा कागद उर्दूंत, सावकाराची वही मोडींत, घरची पोथी बाळबोधींत, आणि सचखंड हुजूर साहिबांतील ग्रंथ गुरुमुखींत. एका गांवांत चार लिप्या नांदत होत्या आणि चारींना सारखेच डोळे लागत होते. सुईंत दोरा ओंवणारा शिंपी, मणी गुंफणारी पटवेकरीण, तारेचें काम करणारा सोनार, यांचा हात पन्नाशींत अगदीं तयार झालेला असावा आणि त्याच वेळीं डोळ्यानें साथ सोडावी! कसब हातांत असून कामावरून उठावें लागणें, हें दुःख आंधळेपणाच्या दुःखाहून लहान असेल. पण तें फार घरांत होतें.

साधी चाळिशी मिळाली तरी अडचण संपत नाहीं. तींतून अक्षर दिसतें, पण मान वर केली कीं समोरचा माणूस धुरकट. ज्याला दूरचेंही कमी दिसतें त्याला मग दोन चष्मे बाळगावे लागतात. या कटकटीला कंटाळूनच अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसांत राहिलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनीं दोन्ही चष्म्यांचीं भिंगें अर्धीं कापून एकाच चौकटींत बसविलीं. वर दूरचें, खालीं जवळचें. १७८५ च्या मे महिन्यांत जॉर्ज व्हॉटली या मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं याचा फायदा सांगितला आहे. जेवतांना ताटांतलें अन्न दिसतें आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. चेहरा दिसला कीं फ्रेंच भाषा अधिक चांगली समजते! तेव्हां त्यांचें वय एकोणऐंशी होतें. हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें लातूरच्या आडत बाजारांतला मुनीम उभा राहतो. समोर तुरीचा ढीग, भोंवतीं बोली करणारे व्यापारी, आणि मांडीवर कीर्द. त्याचीही गरज हीच: आंकडा चुकूं नये आणि माणसाचा चेहराही सुटूं नये.

फ्रँकलिन यांच्या चष्म्यांत मध्यें आडवी रेघ होती. १९०८ सालीं बॉर्श नांवाच्या अमेरिकन डॉक्टरांनीं जवळचें भिंग मोठ्या भिंगांत वितळवून बसविण्याची युक्ति काढली. त्या भिंगाचें 'क्रिप्टॉक' हें नांव आपल्याकडील चष्म्याच्या दुकानांत 'केटी' या आखूड रूपानें अजून ऐकूं येतें. १९५९ सालीं फ्रान्समध्यें बर्नार मेतेनाझ यांचें असें भिंग बाजारांत आलें कीं त्यांत रेघच नाहीं. शक्ति वरून खालीं हळूहळू वाढत जाते. मात्र मधली एक अरुंद वाट तेवढी स्वच्छ, दोन्ही बाजू अस्पष्ट. अशा चष्म्यानें लातूरच्या गंजगोलाईंत उभें राहून नुसते डोळे फिरविले, तर तेथें मिळणारे सोळा रस्ते डोळ्यांच्या कडेला विरघळल्यासारखे दिसतात. पाहावयाचें त्याकडे नाकच वळवावें लागतें.

आतां घाटावरच्या गोष्टीकडे वळूं. आम्ही पायरीवर बसून दुकानदारास मनांतल्या मनांत दूषणें देत होतों. जवळच एक वृद्ध शिंपी कपडे वाळवीत होता. तो म्हणाला, "गुरुजी, काचंला कशाला बोल लावता? मान वाकवा. नाक पायाकडं करा, मग पाय टाका." या दोन वाक्यांत सारें शास्त्र आलें होतें. खालचें भिंग हातभर अंतरासाठीं घडविलेलें असतें. पायरी डोळ्यापासून चार-पांच फूट दूर. मान ताठ ठेवून केवळ डोळे खालीं टाकले कीं दृष्टि त्या खालच्या भिंगांतून जाते, आणि पायरी पुसट होऊन आपल्या जागेवरून सरकल्यासारखी भासते. मान वाकविली कीं वरच्या भिंगांतून तीच पायरी जागच्या जागीं दिसते. चाळीस-पन्नास वर्षें डोळे फिरवून पाहिलें, तें आतां मान फिरवून पाहावयाचें. सवय म्हणतात ती एवढीच. आठवड्या-पंधरवड्यांत ती बहुधा अंगवळणी पडते. पण चष्मा सारखा काढघाल केला तर महिन्यांतही पडत नाहीं.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे, हें अलीकडील दोन प्रयोगांवरून दिसतें. आसामांतील चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या मजुरांस जवळचे चष्मे दिले, तेव्हां चष्मा न मिळालेल्यांपेक्षां त्यांची पानें खुडण्याची मजल सुमारें पांचव्या हिश्शानें अधिक वाढली. हें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. उलट, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत असें आढळलें कीं बाहेर नेहमीं हिंडणाऱ्या वृद्धांस रस्त्यासाठीं केवळ दूरचा वेगळा चष्मा दिल्यास त्यांचें पडणें कमी होतें. पण क्वचित् बाहेर पडणाऱ्यांस त्याच उपायानें बाहेर अपाय झाला. म्हणजे एकच काच सर्वांस सारखी नाहीं. कोण कोठें आणि किती चालतो, हेंही पाहावें लागतें.

आमच्या भागांत डोळ्यांचें मोठें कार्य झालें आहे. लातूर जिल्ह्यांतील माकेगांवीं जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनीं मोतीबिंदूच्या लाखावर शस्त्रक्रिया केल्या; त्यांस २००८ सालीं पद्मश्री मिळाली. डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची सोय सर्वत्र होण्यापूर्वीं शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्यांतून प्रत्येक वस्तु मोठी आणि जवळ आल्यासारखी दिसे, आणि म्हातारी माणसें पाण्याचा तांब्या घेतांना हात अलीकडेच मिटीत. त्या पिढीनें ती अवघड सवयही केली. आतां भिंग आंत बसतें. तरी तें साधें भिंग एकाच अंतरासाठीं असल्यामुळें वाचावयास बहुधा चाळिशी लागतेच.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, वस्तूचा शोध लागला, ती पेठेंत आली, हातांत पडली, एवढ्यानें तिचा इतिहास पुरा होत नाहीं. मुलानें हौसेनें आणलेला चष्मा आई चार दिवसांनीं कोनाड्यांत ठेवते आणि घरांतले तिला हट्टी म्हणतात. पण उंबरठ्यावर मान वाकवावी, हें तिला कोणीं सांगितलेलें नसतें. व्यासरायांच्या काळापासून पांचशे वर्षें चालत आलेली वस्तु त्या कोनाड्यापाशीं येऊन थांबते. दुकानदारानें 'होईल सवय' म्हणण्याऐवजीं दुकानाच्या दोन पायऱ्या गिऱ्हाइकास उतरवून दाखविल्या, तर ती थांबणार नाहीं.

तो शिंपी पुन्हां आम्हांस भेटला नाहीं. पण नवा दुहेरी चष्मा लावून कोणी आमच्या घरीं आलें, कीं चहाच्या आधीं आम्ही त्यास जिन्यापाशीं नेतों.