बॅकस्टेज टूरमध्ये मोबाईल कधी खिशात ठेवायचा?

बॅकस्टेज टूर म्हणजे थीम पार्कच्या पडद्यामागची फेरी: मेकअप रूम, कपडेपट, राइडची यंत्रं. पार्कमध्ये फोटो चालतो, म्हणून इथेही चालेल असं नसतं.

उदाहरण: फ्लोरिडातलं डिस्नेचं मॅजिक किंगडम १९७१ मध्ये सुरू झालं. तिथल्या ‘कीज टू द किंगडम’ टूरमध्ये पार्कखालून जाणारे कर्मचाऱ्यांचे बोगदे दाखवतात. किमान वय १६, आणि पडद्यामागे फोटो-व्हिडिओ बंद.

बंदी का?

• अर्धा पोशाख उतरवलेलं ‘कार्टून’ फोटोत दिसलं, की लहानग्यांची गंमत गेली.
• तिथे काम करणाऱ्यांनाही प्रायव्हसी असते.
• यंत्रांजवळ स्क्रीनकडे बघत चालणं धोक्याचं.

पाथरीहून मानवत रोडला रेल्वे पकडून हैदराबादची रामोजी फिल्म सिटी बघा, नाहीतर खोपोलीचं इमॅजिका. नियम जागेनुसार बदलतात. त्यामुळे आत शिरतानाच गाइडला विचारा: “फोटो कुठपर्यंत चालेल?”

चुकून क्लिक झालं आणि डिलीट करायला सांगितलं, तर गॅलरीतून काढणं पुरेसं नाही. आयफोनमध्ये फोटो साधारण ३० दिवस ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये राहतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो. तिथूनही काढा. स्टेटसला टाकलेला फोटो मात्र कुणी स्क्रीनशॉट घेतला, की तुमच्या हातात राहत नाही. म्हणून आधी विचारा, मग क्लिक करा.