पोर्टल बदललं, प्रश्न तोच
गट क आणि ड ची बरीचशी भरती पूर्वी जिल्हा निवड समित्या करायच्या. वशिल्याच्या तक्रारी होत्या, म्हणून २०१७ मध्ये महापरीक्षा पोर्टल आलं. त्यातही गोंधळ झाला, पोरं रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने ते बंद केलं. मग परीक्षा खासगी कंपन्यांकडे गेल्या. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला. म्हाडाची परीक्षा तर आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये टीसीएस आणि आयबीपीएसला काम मिळालं. २०२३ च्या तलाठी परीक्षेला खुल्या प्रवर्गाची फी १००० रुपये!

दर वेळी यंत्रणा बदलली. पण पेपर फुटला तर जबाबदार कोण, हे आधी ठरवायला नको का? अभ्यासिकेतल्या पोरांचं वय निघून चाललंय, मित्रांनो.