दिल्ली परिसरातील फ्रीलान्स प्रोग्रॅमर: काम, करार आणि थकलेली बिले

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरीदाबाद ही शहरे मेट्रोच्या एकाच जाळ्याने जोडलेली आहेत. या पट्ट्यात कायम नोकरी न करता ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर सॉफ्टवेअर तयार करून देणाऱ्या प्रोग्रॅमरांचा एक मोठा वर्ग आहे. पुणे किंवा नागपूरहून येथे आलेले मराठी तरुणही त्यात आहेत. काम मिळवणे हा या व्यवसायाचा केवळ पहिला टप्पा होय. करार नेमका कोणाशी झाला, बिल कोणत्या राज्यात दिले गेले आणि पैसे किती दिवसांनी हाती आले, यांवर हा व्यवसाय टिकतो की मोडतो हे ठरते.

या भागात संगणक उद्योगाची मुळे जुनी आहेत. नोएडाची स्थापना १९७६ ची. शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दिल्लीतील एका बरसातीतून, म्हणजे गच्चीवरील खोलीतून, एचसीएलची सुरुवात केली. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र अर्थात एनआयसी हेही १९७६ मधलेच. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या एनआयआयटीने संगणक प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले आणि पुढील दोन दशकांत प्रोग्रॅमरांच्या अनेक तुकड्या तेथून बाहेर पडल्या. सॉफ्टवेअर निर्यातीला चालना देण्यासाठी १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना आली आणि नोएडाला तिचे केंद्र मिळाले. मेट्रो नोएडापर्यंत २००९ मध्ये आणि गुरुग्रामपर्यंत २०१० मध्ये पोहोचली. त्यानंतर एका शहरात राहून दुसऱ्या शहरातील दोन-तीन ग्राहकांची कामे सांभाळणे बरेच सोपे झाले.

कामाचे तीन मार्ग

पहिला मार्ग मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थांचा आहे. मोठी कंपनी एखादा प्रकल्प हाती घेते, त्यासाठी सहा महिने किंवा वर्षभर लागणारी माणसे ती अशा संस्थेकडून घेते आणि प्रोग्रॅमरचा करार मूळ कंपनीशी न होता त्या संस्थेशी होतो. नोएडातील इन्फो एज कंपनीच्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमवर कंत्राटी म्हणून दिसणाऱ्या जागांपैकी बऱ्याच जागा याच प्रकारच्या असतात. अशा नेमणुकीत दरमहा पगार मिळतो आणि भविष्यनिर्वाह निधीही कापला जातो. मात्र काम देणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, अशी विभागणी होते. प्रकल्प अचानक थांबल्यास नेमणूक किती दिवसांच्या सूचनेने संपेल, हे करारात पाहून घेण्याची गरज येथे सर्वाधिक असते.

दिल्लीत या मार्गाला एक सरकारी शाखाही आहे. मंत्रालयांच्या संकेतस्थळांचे आणि प्रणालींचे पुष्कळसे काम एनआयसीमार्फत चालते. तिच्या अखत्यारीतील एनआयसीएसआय ही १९९५ मध्ये स्थापन झालेली कंपनी त्यासाठी नामिका सूचीवरील संस्थांकडून प्रोग्रॅमर घेते. सी-डॅकच्या नोएडा केंद्रातही कंत्राटी नेमणुका होतात व त्यांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात. सरकारी कार्यालयात बसून वर्षानुवर्षे काम करूनही आपण सरकारी नोकर नाही, ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगणे मात्र अनेकांना कठीण जाते.

दुसरा मार्ग ओळखीचा. जुने सहकारी, पूर्वीचे वरिष्ठ किंवा एखादा छोटा उद्योजक यांच्याकडून थेट काम येते. प्रोग्रॅमरांच्या मेळाव्यांचा येथे उपयोग होतो. दिल्लीत लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आणि पायथन भाषेचा गट यांची परंपरा आहे आणि पायकॉन इंडिया ही परिषद २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे दिल्लीत भरली होती. मुक्त स्रोत प्रकल्पात केलेले, सर्वांना पाहता येणारे काम हा अशा ठिकाणी सर्वांत विश्वासार्ह परिचय ठरतो. एकट्याने काम करणाऱ्याचे चांगले ग्राहक सहसा याच मार्गाने येतात, जाहिरातीतून क्वचितच.

तिसरा मार्ग परदेशी ग्राहकांशी गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळांचा. १९९९ मधील ईलान्स आणि २००३ मधील ओडेस्क यांच्या विलीनीकरणानंतर २०१५ मध्ये अपवर्क हे नाव पुढे आले. फायव्हर आणि फ्रीलान्सर ही अशीच इतर नावे. अपवर्कवर ठोक रकमेच्या कामात ग्राहक टप्प्याची रक्कम आधी तिऱ्हाइताकडे अनामत ठेवतो. तासावारी कामात प्रोग्रॅमरच्या संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे तासाला सहा वेळा टिपली जातात. हा पहारा अनेकांना जाचक वाटतो, परंतु तासांच्या मोबदल्याची हमीही त्याच नोंदींवर अवलंबून असते. मोबदल्यातून संकेतस्थळ आपला वाटा कापते. फायव्हरचा वाटा २० टक्के आहे. अपवर्कने आपले दर अनेकदा बदलले असून २०२३ मध्ये सरसकट १० टक्के आणि २०२५ पासून कामागणिक वेगळा दर ठेवला आहे. नवख्या व्यक्तीला पहिले काम मिळेपर्यंत येथे बरेच अर्ज करावे लागतात. पानभर संकेतस्थळ किंवा लहानसा प्रोग्रॅम अशी किरकोळ कामे, ज्यांवर पूर्वी नवशिक्यांचा जम बसत असे, ती आता ग्राहक स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी उरकू शकतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

एक शहर, तीन राज्ये

मेट्रोच्या प्रवाशाला यमुना ओलांडताना राज्य बदलल्याचे जाणवत नाही. करकायद्याला मात्र ते चांगलेच जाणवते. नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात, गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात आणि दिल्ली स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश. त्यामुळे लक्ष्मीनगरमध्ये राहणाऱ्या प्रोग्रॅमरने नोएडातील नोंदणीकृत कंपनीसाठी काम केले, की तो आंतरराज्य व्यवहार ठरतो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला, तेव्हा आंतरराज्य सेवा देणाऱ्यास पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. दिल्ली परिसरातील लहान व्यावसायिकांना याचा मोठा फटका बसला असता. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरच्या अधिसूचनेने वार्षिक २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादारांना या सक्तीतून वगळण्यात आले. ती मर्यादा ओलांडल्यावर नोंदणी करावी लागते आणि सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के कर आकारावा लागतो. दिल्लीतील प्रोग्रॅमरने दिल्लीतीलच ग्राहकाला बिल दिल्यास केंद्र आणि राज्य कर प्रत्येकी ९ टक्के, तर नोएडा किंवा गुरुग्रामच्या ग्राहकाला दिल्यास एकात्मिक कर १८ टक्के. रक्कम तीच असली तरी चुकीच्या रकान्यात भरलेला कर परत मागावा लागतो आणि योग्य कर नव्याने भरावा लागतो. ज्या कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला आणि नोंदणी दिल्लीची आहे, तिच्या बाबतीत बिलावर कोणता पत्ता घालायचा, हे म्हणूनच आधी लेखी विचारून घेतलेले बरे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना एक फरक सुखद वाटेल. महाराष्ट्रात भरावा लागणारा व्यवसाय कर दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात नाही.

प्राप्तिकराच्या बाबतीत एकट्याने काम करणाऱ्यांसाठी २०१६ च्या वित्त कायद्याने एक सोपी वाट उघडली. ठरावीक व्यवसायांतील व्यक्तींना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो आणि खर्चाचे सविस्तर हिशेब ठेवण्याची गरज राहत नाही. माहिती तंत्रज्ञानाचा समावेश या व्यवसायांत २००१ च्या अधिसूचनेने आधीच झालेला होता. मर्यादा ५० लाख रुपयांची असून रोखीतील जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ती ७५ लाख रुपये होते. प्राप्तिकर कायदा २०२५ मध्येही ही तरतूद ठेवण्यात आली आहे. आगाऊ कराची संपूर्ण रक्कम या पद्धतीत १५ मार्चपर्यंत भरायची असते. ग्राहक कंपनी बिलातून जी करकपात करते, ती व्यावसायिक सेवेसाठी १० टक्के आणि निव्वळ तांत्रिक सेवेसाठी २ टक्के असते. कापलेली रक्कम आपल्या पॅन क्रमांकावर खरोखर जमा झाली का, हे पाहण्यात आळस करणाऱ्यांना परतावा मागताना त्रास होतो.

पंचेचाळीस दिवसांचा नियम

या व्यवसायातील सर्वांत मोठी तक्रार कराची नाही, थकबाकीची आहे. काम पूर्ण होते, सॉफ्टवेअर वापरात येते आणि बिल मात्र लेखा विभागात अडकून पडते. साठ किंवा नव्वद दिवसांनी पैसे देण्याची अट काही कंपन्या करारातच घालतात आणि एकटा प्रोग्रॅमर ती निमूटपणे मान्य करतो. ती अट कायद्याला धरून नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ हा केवळ कारखान्यांसाठी नाही, सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही तो लागू होऊ शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी ऑनलाइन, आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि ती विनाशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे टाळावीत. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्याहून मोठी मुदत करारात लिहिली तरी ती टिकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते.

वाद सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन नेता येतो. पुरवठादार ज्या राज्यात आहे तेथील परिषदेला अधिकार असतो, मग खरेदीदार भारतात कोठेही असो. तीन राज्यांत विखुरलेल्या या परिसरात ही तरतूद विशेष मोलाची आहे. दिल्लीतील प्रोग्रॅमरला गुरुग्रामच्या न्यायालयात हेलपाटे घालण्याऐवजी दिल्लीतील परिषदेपुढे दाद मागता येते. निवाडा विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला त्याला आव्हान द्यायचे असेल तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. कायद्यात निर्णयासाठी ९० दिवसांची मुदत असली तरी प्रत्यक्षात परिषदा बराच अधिक वेळ घेतात, हेही खरे.

नोंदणी कधीची हवी, हा प्रश्न न्यायालयांत गाजला आहे. शिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुरवल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या कामाला मिळत नाही, अशी भूमिका घेतली. २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला. पहिला करार करण्याआधीच नोंदणी केली तर या वादात पडावेच लागत नाही.

परिषदेपर्यंत न जाताही परिणाम साधणारा एक उपाय २०२३ च्या वित्त कायद्याने दिला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदार कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच करातून वजा करता येतो. उद्यम क्रमांक बिलावर ठळकपणे छापला असेल तर मार्च महिन्यात लेखा विभाग स्वतःहून त्या बिलाकडे लक्ष देण्याची शक्यता वाढते. परदेशी ग्राहकांना यांपैकी काहीच लागू होत नाही, म्हणून त्यांच्याकडून आगाऊ किंवा टप्प्याटप्प्याने रक्कम घेणे हाच मार्ग उरतो. निर्यात सेवेवर जीएसटीचा दर शून्य आहे. नोंदणीकृत व्यक्तीला त्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र दाखल करावे लागते आणि परकीय चलन आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते.

थकबाकीशी जोडलेला आणखी एक प्रश्न सॉफ्टवेअरच्या मालकीचा. स्वामित्वहक्क कायदा १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमची पहिली मालकी मालकाची असते, परंतु स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या प्रोग्रॅमची पहिली मालकी त्याच्याचकडे राहते आणि ती लेखी करारानेच हस्तांतरित होते. हस्तांतराची मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसल्यास केवळ भारत, असे कायदा मानतो. संपूर्ण रक्कम मिळाल्यावरच मालकी हस्तांतरित होईल, हे एक वाक्य करारात असले तर तगाद्याला बळ येते. काम संपल्यावर दोन वर्षे कोणत्याही प्रतिस्पर्धी कंपनीचे काम करणार नाही, अशी अट मात्र भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही.

कायम नोकरीत राहून फावल्या वेळात अशी कामे घेणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसऱ्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे जाहीर केले होते. नेमणूकपत्रातील अट वाचल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

कामाच्या शोधात फसवणुकीचे प्रकारही वाढले आहेत. नोंदणी शुल्क किंवा सुरक्षा ठेव मागणारा ग्राहक खरा नसतो. आपले फ्रीलान्स खाते भाड्याने देण्याचा प्रस्ताव तर थेट गुन्ह्यात अडकवू शकतो. २०२३ पासून संगणक सुरक्षा संशोधकांनी आणखी एक प्रकार उघड केला आहे. मुलाखतीची चाचणी म्हणून प्रोग्रॅम पाठवला जातो आणि तो चालवताच उमेदवाराच्या संगणकातील पासवर्ड आणि आभासी चलन चोरले जाते. अनोळखी व्यक्तीने पाठवलेला प्रोग्रॅम आपल्या रोजच्या संगणकावर चालवू नये. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. खबर जितकी लवकर पोहोचेल, तितकी रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.