अ जीवनसत्त्व (आहारातील)

मेदात विरघळणारे, दृष्टी, त्वचा व रोगप्रतिकारशक्ती यांना आवश्यक पोषकद्रव्य. दूध, तूप, अंडी व यकृतात ते रेटिनॉल या तयार रूपात असते. भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर ते बनवते. मात्र १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलसाठी आहारातील सुमारे १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन लागते.

याच्या अभावी आधी रातांधळेपणा येतो, मग डोळे कोरडे पडतात, बुबुळाशेजारी फेसाळ बिटो ठिपके दिसतात आणि शेवटी पारपटल मऊ होऊन दृष्टी कायमची जाते. हे टाळण्यासाठी भारतात १९७० पासून बालकांना पूरक मात्रा देतात : नवव्या महिन्यात १ लाख एकक, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख.

पुण्यात मेथी, चाकवत, अळू, शेपू, शेवग्याचा पाला सहज मिळतो, पण पालेभाजी ताटात चवीपुरती वाढली जाते, ही खेदाची बाब आहे. तेलाच्या फोडणीमुळे कॅरोटिन अधिक शोषले जाते. लाल भोपळा, गाजर, पपई, हापूसही उपयुक्त. उपवासाच्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र ते फारसे नसते.

पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये हाती घेतला. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः मोठी असल्याचे त्यात आढळले. हे श्रेय एकट्या अ जीवनसत्त्वाचे नव्हे.

रेटिनॉलच्या अतिसेवनाने यकृताला इजा होते, गर्भात व्यंग येऊ शकते. म्हणून गरोदरपणी त्याच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.