मनःस्वास्थ्य आणि नित्याच्या सवयी

मन प्रसन्न राखण्यात नित्याच्या लहान सवयींचा वाटा मोठा असतो. दररोज ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस भरभर चालल्यास जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली किमान १५० मिनिटांची मर्यादा पूर्ण होते. ठरावीक वेळी झोप आणि आप्तांशी संवादही तितकाच आवश्यक आहे. संगीतश्रवणाने विरंगुळा लाभतो; ते चारचौघांत झाल्यास सहवासही मिळतो. बंगळुरूच्या चामराजपेट भागात १९३९ पासून श्रीरामसेवा मंडळीच्या रामनवमी संगीत महोत्सवाने ही परंपरा जपली आहे. मात्र उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास केवळ सवयींवर विसंबू नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते.