पाम्प्लोनाची धाव

स्पेनमधील पाम्प्लोना नगरीत संत फर्मिनचा उत्सव पूर्वी ऑक्टोबरात भरे. हवा प्रतिकूल म्हणून १५९१ साली तो जुलैत आणला. बदली संतांनाही चुकत नाही, असे आम्हां नोकरदारांस वाटावे! त्यातील बैलांपुढची धाव मुळात कामाचीच. झुंजीचे बैल गावाबाहेरून रिंगणात हाकून न्यायचे. त्यांच्यापुढे तरुण धावू लागले आणि कामाचा खेळ झाला. हेमिंग्वे तेथे प्रथम १९२३ साली गेला. १९२६ च्या त्याच्या कादंबरीनंतर परदेशी लोकांची रीघ लागली. पुस्तक मनुष्यास गावापर्यंत पोचवते, गावची रीत शिकवीत नाही, असे आम्हांस वाटते. पडल्यास पडूनच राहावे, असे तेथील जुने धावणारे सांगतात. १९९५ साली २२ वर्षांचा एक अमेरिकन तरुण पडला, आणि उठला. बैलाच्या शिंगाने तो प्राणास मुकला.